दूरच्या देशाची बातमी

आम्ही चौघी मैत्रिणी चाळीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका वसतिगृहातील एकाच खोलीत एकत्र आलो आणि पुढे चार गावांना पांगलो. चौघींपैकी कोणाचेच नाव येथे लिहीत नाही. आम्ही एकमेकींना आजही गावाच्या नावानेच हाक मारतो, तेवढी ओळख पुरेशी आहे. वरोरा, बल्लारपूर, आरमोरी आणि मी चंद्रपूर. आरमोरीची सारी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेली. बल्लारपूर वकिली करते. वरोरा बँकेतून निवृत्त झाली आणि मी शाळेतून. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही मोबाइलच्या पडद्यावर भेटतो. सुरुवातीला गुडघेदुखी, सुना-जावई आणि उन्हाळ्याचे वाळवण एवढेच विषय असत. दक्षिण आफ्रिका आमच्या बोलण्यात शिरली ती जानेवारी २०२० मध्ये. वरोरा लेकीच्या बाळंतपणासाठी जोहान्सबर्गला गेली आणि पुढे महामारीमुळे तिथेच अडकली.

आपल्याकडे सात वाजलेले असत तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेतीन. मांडीवर नात घेऊन ती आम्हाला त्या देशाच्या बातम्या सांगे. तिच्या वर्णनात परका देश ओळखीचा वाटू लागे. तिथल्या एका शहराचे नावच एमालाहलेनी, म्हणजे कोळशाची जागा. भोवती खाणी आणि वीजकेंद्रे. ज्या देशात एवढा कोळसा जळतो तिथेच वेळापत्रक लावून दिवे घालवतात, हे ऐकून आम्ही हसलो. आमच्या चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचे, आणि भारनियमनाच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात उत्तरपत्रिका तपासलेली मी! तिच्या लेकीची सहकारी लग्न करणार होती. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना 'लोबोला' द्यायचा, पूर्वी गाईगुरांच्या रूपात आणि आता बहुधा पैशांत, यावर वाटाघाटी चालल्या होत्या. आरमोरी म्हणाली, "यात नवल काय? आमच्या माडिया-गोंडांमध्येही देज नवऱ्याकडूनच जाते. हुंडा ही शिकल्यासवरलेल्यांची रीत." अशा गप्पांतून नाती, लग्ने, एकत्र राहणारी तरुण मुले, म्हातारपणी एकटे पडणारे आईबाप असे सगळे विषय निघत. दूरच्या देशाबद्दल बोलताना जीभ सैल सुटते. तिथे आपले कोणी ओळखीचे नसते, त्यामुळे कोणाची लाज राखायची नसते.

२९ मार्च २०२०चा रविवार मला तारखेनिशी आठवतो. दोन्ही देशांत टाळेबंदी लागली होती. वरोऱ्याने सांगितले की दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २७ मार्चपासून मद्याची विक्री पूर्ण बंद केली आहे, आणि तंबाखूचीसुद्धा. अपघात, मारामाऱ्या, भोसकाभोसकी यांतील जखमींनी आठवडाअखेरीस तिथली रुग्णालये भरून जात. साथीच्या काळात त्या खाटा मोकळ्या हव्यात, हा हिशेब. बातमी ऐकताच चौघींनाही एकच विषय सुचला, कारण आमच्याइतके दारूबंदीच्या वेढ्यात राहणारे लोक थोडेच असतील. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून बंदी. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये बंदी आली. आणि आमच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून.

बल्लारपूरचा बंदीला विरोध होता आणि तो पोकळ नव्हता. तिच्या दिराचे खानावळीला जोडलेले परवान्याचे दुकान २०१५ मध्ये बंद झाले, बारा पोरांची नोकरी गेली. "दारू गेली का? नाही. ती मागच्या दाराने येऊन राहिली, दुप्पट भावाने," ती म्हणाली. "माझ्याकडे येणारे खटले पाहा. पकडले जातात ते सायकलवरून पिशवी नेणारे पोरगे." आरमोरीचे म्हणणे निराळे. तिने डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे काम जवळून पाहिलेले, आणि २०१६ नंतर 'मुक्तिपथ' अभियानाच्या गावसभांना ती स्वतः जात असे. "कायदा एकटा काही करत नाही," ती म्हणे, "पण कायदा पाठीशी असला की गावातली बाई विक्रेत्याच्या दारात उभी राहू शकते."

सर्वांत तावातावाने बोलले ते मी. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार'च्या पुढाकाराने चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे स्त्रियांची पदयात्रा निघाली होती. तिच्यात मीही काही मैल चालले होते. शाळेत दरवर्षी २ ऑक्टोबरला व्यसनमुक्तीवर भाषण करणारी मी. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत २१ वर्षे राहिले आणि पुढे आमच्या शेजारी सेवाग्रामला आले, तेव्हा त्या देशाने आज बंदी घातली हे योग्यच झाले, असे काहीतरी मी त्या दिवशी बोलले. माझे संपल्यावर आरमोरी म्हणाली, "बंदी ठीक आहे गं. पण जे वीस-वीस वर्षे रोज पितात, त्यांची अचानक सुटली तर काही मरतात. तिथल्या सरकारने त्यांचे काय ठरवले आहे, ते विचार तुझ्या जावयाला." वरोरा म्हणाली, विचारते. मी काहीच बोलले नाही.

मी गप्प राहिले, कारण आतल्या खोलीत हे बसले होते. गेली बावीस वर्षे रोज रात्री आठनंतर ते त्याच खोलीत बसत. यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही, एकही दिवस कार्यालयात खाडा केला नाही, रस्त्यात कधी झोकांडी खाल्ली नाही. त्यामुळे 'दारुडा' हा शब्द आमच्या घराला लागू होतो असे मला स्वतःलाही कबूल करावे लागले नव्हते. बंदी आल्यावर बाटली शेजारच्या जिल्ह्यातून येऊ लागली. आणणारा मुलगा मागच्या गल्लीत थांबे, आणि मी, पदयात्रेत चाललेली बाई, मागचे दार उघडून देत असे. आमचा मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन नेहमी सकाळीच येई. त्याने कधी कारण सांगितले नाही आणि मी कधी विचारले नाही.

टाळेबंदीत जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या आणि तो मुलगा यायचा थांबला. साठवलेले शुक्रवारी सकाळीच संपले. त्या रात्री यांना झोप नाही. शनिवारी हात इतके थरथरू लागले की चहाची कपबशी धरवेना. घामाने सदरा ओला, मळमळ, चिडचिड. मी मनाशी म्हटले, ताप असेल. त्या दिवसांत ताप म्हटला की एकाच रोगाची भीती. मी दार लावून घेतले.

रविवारी, ५ एप्रिलला, सात वाजता नेहमीप्रमाणे चौघी जमलो. माझा चेहरा पाहून आरमोरीने विचारले, "काहून गं, काय झालं?" मी म्हटले, यांना बरे नाही, ताप असावा. तिने ताप किती, खोकला आहे का, दम लागतो का, सारे विचारले. ताप फारसा नव्हता, खोकला मुळीच नव्हता. "हात थरथरतात?" तिने विचारले. मी हो म्हटले. ती क्षणभर थांबली आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी घेतात का?"

मी म्हणाले, "नाही गं, छे."

बावीस वर्षांच्या सरावाने ते उत्तर आपोआप आले. आठवड्यापूर्वी तिनेच सांगितलेले वाक्य मला लख्ख आठवत होते, तरी आले. तिने पुढे काही विचारले नाही. "काही वेगळे वाटले तर कितीही वाजता फोन कर," एवढेच म्हणाली. वरोरा तिकडची गंमत सांगत होती: दारूची दुकाने बंद झाल्यापासून लोक घरोघरी अननस आंबवू लागले आहेत आणि बाजारात अननसाची मागणी वाढली आहे. आरमोरी म्हणाली, "आमच्याकडे तर मोह पडून राहिला आहे, पहाटे अंगणभर वास असतो. माणसाला बंदी घालता येते, झाडाला कोण घालणार?" त्या हसल्या. मीही हसले.

त्या रात्री नऊ वाजता देशभर दिवे लावायचे आवाहन होते. आमच्या गल्लीत सर्वांनी गच्चीवर पणत्या ठेवल्या, वीज घालवली. अंधारात मी खिडकीशी पणती लावली आणि मागून यांचा आवाज आला, "भिंतीवरच्या मुंग्या झाड आधी." भिंतीवर काही नव्हते. ते उठून भिंत झाडू लागले. मला त्यांनी माझ्या वारलेल्या नणंदेच्या नावाने हाक मारली. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते.

मी आरमोरीला फोन लावला आणि म्हणाले, "घेतात. रोज. बावीस वर्षे झाली. परवा सकाळी संपली." तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. शेवटची कधी घेतली, झटका आला का, शुद्ध कशी आहे, एवढे विचारले आणि म्हणाली, "आत्ता, याच क्षणी रुग्णवाहिका बोलाव. १०८. सकाळपर्यंत थांबू नको. आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच सांग, जे तू मला आत्ता सांगितलेस." ते दवाखान्यात नऊ दिवस होते. तिसऱ्या दिवशी यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

आरमोरीने मला नंतर जे समजावून सांगितले, ते वाचकांच्या घरांसाठी लिहून ठेवते. रोज भरपूर मद्य घेणाऱ्याचा मेंदू त्याच्या गुंगीशी झगडत स्वतःला सतत चेतवलेला ठेवायला शिकतो. मद्य एकाएकी थांबले की गुंगी जाते आणि ती चेतना मात्र मोकाट सुटते. साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, दिशा-वेळेचे भान जाते. या अवस्थेला वैद्यकात डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास ती जीव घेऊ शकते, आणि वेळेवर मिळाल्यास बहुतेक जण वाचतात. रुग्णालयात शामक औषधे, ब-१ जीवनसत्त्व, पाणी आणि क्षार देऊन हा काळ पार करता येतो. म्हणून जुन्या, रोजच्या व्यसनात 'आजपासून बंद' ही शपथ घरी एकट्याने घ्यायची नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची. आणि घरच्यांनी डॉक्टरांपासून काहीही लपवायचे नाही. माझ्या एका "छे"ने दोन तास गेले. ते दोन तास अधिक महाग पडू शकले असते.

दक्षिण आफ्रिकेतील बंदी १ जून २०२० रोजी उठली. पहिल्याच दिवशी दुकानांपुढे रांगा लागल्या. पुढच्या रविवारी वरोरा बराच वेळ बोलेना. लेकीकडे कामाला येणारी बाई दोन दिवस आलीच नाही, आणि आली तेव्हा तिचा डोळा सुजलेला होता. त्या महिन्यात तिथले राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी स्त्रियांवरील हिंसाचार हीच देशापुढची दुसरी महामारी असल्याचे सांगितले. रुग्णालयांत जखमींची गर्दी पुन्हा वाढली आणि जुलैत बंदी पुन्हा घातली गेली, त्यानंतरही दोनदा. तंबाखूबंदीत मात्र बहुतेक ओढणाऱ्यांना सिगारेट मिळतच राहिली, फक्त काळ्या बाजारात. "म्हणजे आपण दोघीही बरोबर," बल्लारपूर आरमोरीला म्हणाली. बंदी असताना जखमा कमी झाल्या हे खरे, आणि बंदी असताना चोरटा धंदा फोफावला हेही खरे. आमच्या जिल्ह्याचा अनुभव याहून वेगळा नव्हता. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवण्याचा निर्णय घेतला आणि जुलैत दुकाने उघडली. गडचिरोलीत बंदी कायम राहिली.

दुकाने उघडल्यावर, पंधरा महिने कोरडे राहिलेले आमचे घर पुन्हा ओले झाले. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर होते. मागच्या दाराची गरजही उरली नव्हती. या वेळी मी एकच गोष्ट वेगळी केली. त्याच रविवारी सात वाजता मैत्रिणींना सांगितले. रडले नाही, सबबी सांगितल्या नाहीत. हे दुसऱ्या खोलीत ऐकत होते हे मला ठाऊक होते. आरमोरी म्हणाली, "पुन्हा पडणे हा या आजाराचाच भाग आहे, गुन्हा नाही. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो का?" बल्लारपूर म्हणाली, "आजार खरा. पण ही त्याची परिचारिका नाही, बायको आहे. तिलाही जगायचे आहे." दोघींची ही वाक्ये मी अजून एकत्रच लक्षात ठेवते. एकीमुळे माझा राग निवला, दुसरीमुळे माझा अपराधीपणा.

२६ डिसेंबर २०२१ हाही रविवारच होता. त्या दिवशी आर्चबिशप डेस्मंड टुटू गेले. वरोरा तोवर केव्हाच परतली होती, पण तिची लेक त्या दिवशी जोहान्सबर्गहून आमच्यात सामील झाली. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर टुटू यांच्या अध्यक्षतेखाली जो सत्य व सलोखा आयोग नेमला गेला, त्याची १९९६ पासून सुनावणी कशी चाले ते तिने सांगितले. पीडितांना आपल्या भाषेत बोलू दिले जाई. अत्याचार करणाऱ्याला क्षमादान मागता येई, पण ते कृत्य राजकीय हेतूने केलेले असले पाहिजे आणि त्याने सारे सत्य उघड केले पाहिजे. पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती. संपूर्ण सत्याची होती. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना क्षमादान मिळालेच नाही. "म्हणजे 'माफ कर' म्हणणे पुरत नव्हते," बल्लारपूरने वकिली पद्धतीने नोंदवले, "काय केले ते सांगणे आवश्यक होते."

एका राष्ट्राच्या जखमांची तुलना घरातल्या बाटलीशी करणे हा अतिप्रसंग ठरेल, हे मी जाणते. तरी त्या रात्री माझ्या मनात घोळत राहिले ते तेच. आमच्या घरात माफी पुष्कळदा मागितली गेली होती. सत्य एकदाही सांगितले गेले नव्हते, आणि त्यात माझाही वाटा होता. मुलाच्या वाढदिवसाला 'बाबांना बरे नाही' म्हणणारी मी, सूनबाईच्या माहेरचे आले की खोलीला बाहेरून कडी लावणारी मी. दुसऱ्या दिवशी यांच्याशी बोलले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तू सांग. मी शेजारी बसतो." रात्री आठ वाजता, दोघांनी मिळून पुण्याला फोन लावला. आमच्या घरातून मुलाला संध्याकाळी केलेला, कित्येक वर्षांतला तो पहिला फोन. मी सारे सांगितले, मागच्या दारासकट. यांनी मधे एकदाच दुरुस्ती केली: "बावीस नाही, पंचवीस. तीन वर्षे हिलाही माहीत नव्हते." मुलगा फारसे बोलला नाही. "मला माहीत होते, आई," म्हणाला, "पण तुम्हाला माहीत आहे की नाही, तेच मला माहीत नव्हते."

त्यानंतरचे सारे सरळ झाले असे नाही. यांनी उपचार घेतले, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागले, मध्ये एकदा पुन्हा घसरले, पुन्हा उठले. व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे गट असतात, हे मला साठीत कळले. ते पस्तिशीत कळायला हवे होते. मन फारच खचले तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते, आणि घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही आजकाल बारशापासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक समारंभात पेला पुढे येतो आणि नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते. हे कारण विचारणे तेवढे आपण थांबवू शकलो, तरी पुष्कळांचे काम सोपे होईल.

आमचे रविवार चालूच आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्याही चालू आहेत. २०२४च्या निवडणुकीत नेल्सन मंडेलांच्या पक्षाचे बहुमत प्रथमच गेले, त्यावर आमची दोन रविवार चर्चा पुरली. आरमोरीला आता ऐकू कमी येते, म्हणून सगळ्या ओरडून बोलतात. त्या दूरच्या देशाने आमच्यावर केलेला उपकार एवढाच की त्याच्याबद्दल बोलता बोलता आम्ही स्वतःबद्दल बोलायला शिकलो. ज्यांना असे रोजचे किंवा आठवड्याचे माणूस आहे, ज्याच्यापुढे 'छे' म्हटल्यावरही तो 'कितीही वाजता फोन कर' म्हणतो, त्यांनी ते माणूस औषधाइतके जपावे. ज्यांना नाही, त्यांनी आपणच कोणाचे तरी तसे माणूस व्हावे.

मुलाचा फोन आता कधी सकाळी येतो, कधी रात्री आठनंतर. रात्री आला की हे स्वतः उचलतात.